पोटातले पाणी आणि बोथट झालेली औषधे

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या काळात त्यावर जागतिक सप्ताह पाळला जातो, परिसंवाद होतात, भित्तिपत्रके लागतात आणि सप्ताह सरला की विषयही मागे पडतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. पण एवढ्या मोठ्या आकड्यातून नेमके कोण मरते, हे सामान्य वाचकाला उमगत नाही. ते समजून घ्यायचे असेल तर यकृताच्या सिऱ्हॉसिसने ग्रासलेल्या रुग्णाकडे पाहावे. समाजाने वर्षानुवर्षे प्रतिजैविकांची जी उधळपट्टी केली, तिचे बिल सर्वांत आधी ज्यांच्या नावे फाटते, त्यांत हा रुग्ण अग्रभागी आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत पसरलेल्या मुंबईच्या उपनगरांत तर या प्रश्नाला अंतराचा आणि वेळेचा आणखी एक पदर आहे.

यकृतावर दीर्घकाळ आघात होत राहिले की त्याच्या पेशींची जागा चिवट तंतू घेतात आणि ते कठीण, गाठाळ बनते. हा आघात दारूचा असेल, हेपेटायटिस 'बी' किंवा 'सी' या विषाणूंचा असेल किंवा मधुमेह आणि स्थूलतेच्या जोडीने यकृतात साचणाऱ्या चरबीचा असेल. आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताला मग सुरळीत वाट मिळत नाही, त्या रक्तवाहिनीतला दाब वाढतो आणि उदरपोकळीत पाणी साठू लागते. आयुर्वेदाने याला जलोदर म्हटले. घरोघरी 'पोटात पाणी झाले' असे म्हणतात. या पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिने फार थोडी असल्याने ते जंतूंना चांगलेच मानवते. त्यातच आतड्याच्या भिंतीची राखण सैल पडते आणि एरवी आतड्यात निमूट नांदणारे इ. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू ती ओलांडून रक्तात आणि पुढे त्या पाण्यात उतरतात. आतड्याला छिद्र पडलेले नसते, अपेंडिक्स फुटलेले नसते, शल्यचिकित्सकाने उघडून दुरुस्त करावे असे काहीही नसते. तरीही पोटात जंतुसंसर्ग भडकतो. अमेरिकी यकृततज्ज्ञ हॅरल्ड कॉन यांनी १९६४ मध्ये याचे वर्णन केले. वैद्यकात हा विकार 'स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस' किंवा थोडक्यात 'एसबीपी' या नावाने ओळखला जातो.

हा विकार दुर्मीळ नाही. सिऱ्हॉसिस आणि जलोदर असलेले जे रुग्ण रुग्णालयात दाखल होतात, त्यांतील सुमारे दहा टक्क्यांना तो असतो. तो प्रथम ओळखला गेला त्या काळात दहांपैकी नऊ रुग्ण दगावत असत. पुढे हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. आधुनिक वैद्यकाचे हे मोठेच यश म्हटले पाहिजे आणि त्यामागे तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे, संशय येताच सुईने पोटातले पाणी काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजणे. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा त्याहून अधिक आढळल्या की निदान पक्के. दुसरी, १९८५ पासून हाती आलेले सेफोटॅक्झिम आणि त्याच कुळातील सेफ्ट्रायाक्झोन, ही तिसऱ्या पिढीची प्रतिजैविके. तिसरी, अल्ब्युमिन. स्पेनमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये १२६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्रतिजैविकाबरोबर अल्ब्युमिन दिल्यावर मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले आणि रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर घसरले. साठ किलो वजनाच्या रुग्णाला पहिल्या दिवशी ९० आणि तिसऱ्या दिवशी ६० ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या सात-आठ बाटल्या लागतात. खर्च मोठा आहे, पण डायलिसिसच्या तुलनेत तो परवडतो.

या तिहेरी संरक्षणातली मधली भिंत आता खचली आहे. आणि ती खचत असल्याची सूचना देणाऱ्यांत मुंबई पहिल्यांपैकी होती, याचा आपल्याला विसर पडला आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेम या राखीव समजल्या जाणाऱ्या औषधांनाही न जुमानणारे आतड्यातील जंतूंचे २४ नमुने गोळा केले. त्यांपैकी २२ नमुन्यांत 'एनडीएम-१' हा विकर आढळला. मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्या 'जापी' या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. त्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात याच विषयावर लेख आला आणि मग देशात एकच गदारोळ उठला. तो मुख्यतः जंतूच्या नावात 'नवी दिल्ली' आल्याबद्दल होता. वैद्यकीय पर्यटनाला बट्टा लागेल ही चिंता मोठी ठरली आणि हा जंतू आपल्या रुग्णांचे काय करणार, ही चिंता मागे राहिली.

तो काय करतो आहे, हे नंतरच्या आकड्यांत दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेख जाळ्यानुसार इ. कोलाय जंतूचे इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देणारे नमुने २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते. २०२३ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या आसपास आले. क्लेबसिएलाच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांपर्यंत घसरले. हे आकडे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतील गंभीर रुग्णांचे आहेत, गल्लीतल्या दवाखान्यातले नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु सिऱ्हॉसिसचा रुग्ण याच मोठ्या रुग्णालयांत पुन्हा पुन्हा दाखल होत असतो. सिऱ्हॉसिसच्या १३०२ संसर्गग्रस्त रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण जगभरात ३४ टक्के आढळले. आशियात, त्यातही भारतातील केंद्रांत, ते सर्वाधिक होते.

प्रयोगशाळेतील या टक्केवारीचा खाटेवरच्या रुग्णाशी संबंध काय, हे इटलीतील एका छोट्या चाचणीने २०१६ मध्ये दाखवून दिले. रुग्णालयात असताना एसबीपी झालेल्यांना जुन्या शिरस्त्याप्रमाणे सेफ्टाझिडिम दिले तेव्हा केवळ २५ टक्के रुग्णांचा संसर्ग आटोक्यात आला. मेरोपेनेम आणि डॅप्टोमायसिन या जोडीने सुरुवात केली तेव्हा ८७ टक्क्यांचा. पहिले औषध चुकले तर दुसरे देईपर्यंत अनेकदा मूत्रपिंडे हात टेकतात. इतर रुग्णांत डॉक्टरांना औषध बदलून पाहण्याची जी उसंत मिळते, ती इथे मिळत नाही.

शिवाय या रुग्णापुढची अडचण दुहेरी आहे. कार्बापेनेमही निरुपयोगी ठरल्यावर कोलिस्टिनसारखी जी औषधे उरतात, ती मूत्रपिंडांना घातक असतात. जेंटामायसिन-अमिकासिनच्या कुळाचेही तेच. सिऱ्हॉसिसमध्ये मूत्रपिंडे आधीच काठावर उभी असतात. म्हणजे इतर रुग्णांसाठी जो अखेरचा उपाय असतो, तो या रुग्णासाठी नवे दुखणे ठरू शकतो. नवी औषधे येत नाहीत असे नाही. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमला अझट्रिओनामची जोड देऊन 'एनडीएम' जंतूंवर मात करता येते. परंतु या उपचाराचा खर्च उपनगरातल्या नोकरदार कुटुंबाची शिल्लक काही दिवसांत संपवू शकतो. यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असलेल्याची तर अधिकच कोंडी होते, कारण संसर्ग आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नाही.

आता प्रश्न येतो तो हे घडले कसे, याचा. रुग्णालयांतील अतिवापर हे एक उत्तर आहेच. दुसरे उत्तर नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात आहे. नॉरफ्लॉक्सासिन या साध्या, स्वस्त गोळीचे उदाहरण घेऊ. एकदा एसबीपी होऊन बरा झालेल्या रुग्णाला तो पुन्हा होण्याचा मोठा धोका असतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश चाचणीत असे दिसले की, रोज नॉरफ्लॉक्सासिन घेणाऱ्यांत वर्षभरात संसर्ग उलटण्याची शक्यता २० टक्के होती, न घेणाऱ्यांत ६८ टक्के. रुग्णाला घरी, कामावर, कुटुंबात वर्षभर टिकवून धरणारी ही गोळी. आणि हीच गोळी, टिनिडाझोलची जोड देऊन, आपल्याकडे जुलाबावरचा घरगुती उपाय होऊन बसली. बाहेरचे खाल्ले, पोट बिघडले, केमिस्टकडे गेले, चार गोळ्या घेतल्या, दोन खाल्ल्या, उरलेल्या कपाटात ठेवल्या. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात किंवा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. त्यांना मीठ-साखर-पाण्याची गरज असते, प्रतिजैविकाची नव्हे. त्या दोन गोळ्यांनी जुलाबाचे फारसे काही बिघडत नाही, पण आतड्यातले नाजूक जंतू मरतात आणि निबर जंतूंना मोकळे रान मिळते. हे निबर जंतू आपली प्रतिरोधाची जनुके शेजारच्या जंतूंना देतात, सांडपाण्यातून आणि हातांवाटे इतरांपर्यंत पोहोचतात. निरोगी माणसाला त्याचा काही त्रास होत नाही. ज्याच्या आतड्याची भिंत सैल झाली आहे, त्याच्या पोटातल्या पाण्यात मात्र तेच उतरतात. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे तर ओलेच आधी जळते.

ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, असा कायदा आहे. त्याहून प्रभावी प्रतिजैविकांसाठी केंद्राने ऑगस्ट २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-१' अधिसूचित केले आणि ते १ मार्च २०१४ पासून लागू झाले. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स आणि कार्बापेनेम त्यात आहेत. रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असे हा नियम सांगतो. आपल्या परिसरातील दुकानदाराने सेफिक्झिम देताना अशी वही कधी उघडली होती का, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे. महाराष्ट्रात कायद्याच्या अंमलबजावणीचा गंभीर प्रयत्न झालाच नाही असे नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२-१३ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये, असा आग्रह धरून धडक तपासण्या झाल्या. औषध विक्रेत्यांनी त्याविरुद्ध बंदचे हत्यार उपसले. मोहीम व्यक्तीच्या जोरावर चालली की व्यक्ती गेल्यावर ती ओसरते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने चिठ्ठीशिवाय होणाऱ्या प्रतिजैविकांच्या विक्रीवर छापे सुरू केले. तिथे जे जमते, ते वांद्र्याला मुख्यालय असलेल्या प्रशासनाला का जमू नये?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच गैरलागू नाही. रोजंदारीवरच्या माणसाला डॉक्टरची फी आणि बुडालेला खाडा दोन्ही परवडत नाहीत. त्याच्यासाठी केमिस्ट हाच डॉक्टर असतो. घाटकोपरच्या असल्फा-साकीनाका टेकड्यांवरच्या वस्तीत राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पण याचे उत्तर प्रतिजैविक मोकाट सोडणे हे नव्हे. महापालिकेने २०२२ पासून 'आपला दवाखाना' ही केंद्रे वस्त्यांजवळ, सायंकाळीही उघडी राहतील अशा वेळा ठरवून सुरू केली आहेत. तिथे डॉक्टर आणि साध्या तपासण्या खात्रीने मिळाल्या, तरच दुकानदाराला 'चिठ्ठी आणा' असे म्हणण्याचा नैतिक अधिकार राहील.

तिसरा मुद्दा खास उपनगरांचा. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक, तर शहर जिल्ह्याची ३१ लाखांच्या आसपास होती. असे असूनही पोटविकारांचे जुने, नावाजलेले सार्वजनिक विभाग परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या शहरातल्या रुग्णालयांत आहेत. उपनगरांत विलेपार्ले-जुहूचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी, घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये आणि अंधेरी, मुलुंड येथील बडी खासगी रुग्णालये. त्यामुळे पोट फुगलेला, काहीसा बरळू लागलेला रुग्ण आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो. तिथे सलाइनमधून एखादे प्रतिजैविक सुरू होते. सुधारणा दिसत नाही म्हणून 'मोठ्या हॉस्पिटलात न्या' असा सल्ला मिळतो. आणि मग बोरिवली ते परळ असा पंचवीस-तीस किलोमीटरचा प्रवास. इथेच घोडे पेंड खाते.

अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, एसबीपीच्या रुग्णाच्या पोटातले पाणी पहिल्या १२ तासांत तपासले नाही तर मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक होतो. दर तासाच्या विलंबागणिक तो सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढत जातो. त्याहून वाईट म्हणजे, पाणी काढण्याआधीच प्रतिजैविक दिले गेले तर त्यात जंतू वाढून दिसण्याची शक्यता मावळते. मग पुढच्या रुग्णालयातील डॉक्टरांना कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. ते अर्थातच सर्वांत प्रभावी औषध निवडतात, कारण जोखीम पत्करता येत नाही. अशा प्रत्येक आंधळ्या निवडीतून कार्बापेनेमचा वापर वाढतो आणि त्यांची धार आणखी बोथट होते.

वस्तुतः जलोदरात सुईने पाणी काढायला अतिविशेषज्ञ लागत नाही. कोणताही प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टर ते करू शकतो. सिऱ्हॉसिसमध्ये रक्त गोठण्याची चाचणी बिघडलेली दिसते म्हणून अनेक जण कचरतात. पण गंभीर रक्तस्राव क्वचितच होतो आणि तेवढ्यासाठी ही तपासणी लांबवू नये, असे जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पेशी मोजायला सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ पुरतो. किमान दहा मिलिलिटर पाणी रुग्णाच्या खाटेजवळच रक्ताच्या कल्चरसाठी वापरतात त्या बाटलीत भरले, तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. नाहीतर अर्ध्याहून अधिक रुग्णांत कल्चर कोरेच येते. ही बाटली रुग्णाबरोबर परळला पाठवता येते. 'आधी पाणी, मग प्रतिजैविक, मग रवानगी' हा क्रम उपनगरातल्या प्रत्येक सार्वजनिक आणि खासगी रुग्णालयात सक्तीचा करण्यासाठी नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. उपचार सुरू झाल्यावर ४८ तासांनी पुन्हा पाणी तपासून पेशी घटल्या नसतील तर औषध बदलणे आणि कल्चरचा अहवाल अनुकूल असेल तर प्रभावी औषध थांबवून साध्या औषधावर येणे, हे त्यापुढचे टप्पे. दुसरा टप्पा आपल्याकडे बहुधा गाळला जातो. रुग्ण सुधारतो आहे तर औषध कशाला बदला, असे म्हटले जाते. ही सावधगिरी एका रुग्णापुरती समजण्यासारखी असली, तरी तिची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.

नातेवाइकांनाही यात भूमिका आहे. जलोदराच्या रुग्णाला ताप येईलच, पोट दुखेलच असे नाही. तो अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवसभर झोपून राहू लागला, लघवी कमी झाली, कावीळ वाढली, तर ते दुखणे अंगावर काढू नये आणि घरात उरलेले प्रतिजैविक तर मुळीच देऊ नये. 'गॅसची' म्हणून सर्रास घेतली जाणारी आम्ल कमी करणारी गोळी एसबीपीचा धोका वाढवत असल्याचे अनेक पाहण्यांतून सूचित झाले आहे; तिची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना घात करतात, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा सरकार, पोलीस, महापालिका सारे जागे झाले होते. सिऱ्हॉसिसचे मृत्यू एकेकटे, वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या दिवशी होतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर यकृताचे नाव येते. निरुपयोगी ठरलेल्या औषधाचे येत नाही. म्हणूनच उपनगरातील प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने आपल्याकडे कोणते जंतू कोणत्या औषधांना दाद देतात याचा वार्षिक तक्ता प्रसिद्ध करावा, महापालिकेने पाणी तपासणीचा क्रम लेखी ठरवून द्यावा आणि अन्न व औषध प्रशासनाने एच-१ च्या वह्या उघडून पाहाव्यात. यांतली एकही मागणी खर्चिक नाही. सेफोटॅक्झिमने दहांपैकी नऊ मृत्यूंचे प्रमाण दोनांवर आणायला मदत केली होती. ते पुन्हा वर चढू द्यायचे की नाही, याचा निर्णय या तीन ठिकाणी आणि नाक्यावरच्या केमिस्टच्या काउंटरवर रोज होतो आहे.